न्यायाधीशाला मुलगा नसतो

९ जानेवारी १९९९, शनिवार

आज हे बोलले!

दिवाळीत अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तोंडातून नुसती घरघर. आज सकाळी फिजिओवाल्या बेन उजवा हात वरखाली करून घेत होत्या आणि एकदम — "सौ". मग पुन्हा, "सौ... सौ..." बेन टाळ्याच वाजवायला लागल्या. "काकी, सांभळ्युं? बोल्या! साहेब बोल्या!"

अस्मिताही तिथेच होती. विश्वासराव वकिलांनी पाठवलेली मुलगी, न्यायमंदिरात वकिली करते. फेब्रुवारीत ह्यांना पंचाहत्तर पुरी होतात म्हणून वकील मंडळी गौरवग्रंथ काढताहेत — 'निःस्पृह न्यायाधीश हेमचंद्र कारखानीस'. ह्यांचं चरित्र लिहायचं काम तिच्या गळ्यात आलंय. हुशार आहे. डोळे मोठे, लवकर भरून येणारे.

तिने विचारलं, "काकू, सौ म्हणजे?"

मी म्हटलं, "अगं, मला हाक मारताहेत. माणसं म्हणतात ना, आमची सौ. — तसं!"

डोळे आलेच भरून. लगेच लिहून घेतलं.

शेहेचाळीस वर्षांत ह्या माणसाने मला नावाने हाक मारली नाही. "कोण आहे तिकडे?" — एवढंच. तिकडे मी असायचे. आता म्हणे सौ.!

सौमित्र म्हणायचंय त्यांना, मुलाला हाक. मला पहिल्याच वेळी कळलं. पुढचं 'मित्र' जिभेवर येत नाही, इतकंच.

न येवो.


११ जानेवारी

अस्मिता टेपरेकॉर्डर घेऊन आली. "काकू, अगदी पहिल्यापासून सांगा हं."

सांगितलं. जन्म बडोद्याजवळच्या सावली गावचा. वडील संस्थानच्या वसुली कचेरीत कारकून. आई लहानपणीच गेली. नागरवाड्यात मामाकडे राहून शिकले, मामीच्या शिव्या खाऊन. कायद्याच्या परीक्षेत पहिले. मग माझ्या बाबांच्या, मल्हारराव वकिलांच्या, हाताखाली उमेदवारी. दावे नकलून काढायचे, बाबांच्या मागे पुस्तकं धरून कोर्टात उभं राहायचं. साक्षीदार खोटं बोलला की लगेच तुटून पडायचं नाही, नुसतं बघत राहायचं, तो आपणच घसरतो — हे बाबांनी शिकवलेलं. बाबा म्हणायचे, असा शिष्य जन्मात एकदाच. शिष्याला ऑफिस दिलं. मुलगी दिली.

"सासऱ्यांच्या विरुद्धही उभे राहिले होते म्हणे?" अस्मिताने विचारलं.

"हो."

"केवढी निष्ठा ना कायद्यावर!"

"हो तर."

तिला सांगितलं नाही ते इथे लिहिते. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. वाटणीचा एक दावा, समोरच्यांनी ह्यांना वकील केलं. हे घरी येऊन बाबांना म्हणाले, "घेऊ का?" बाबा म्हणाले, "घे की! वकिलाने अशील नाकारू नये." बाबांना अक्षर लागत नव्हतं, म्हणून त्यांनी सगळा दस्तऐवज पाठ केला होता. माझ्या धाकट्या बहिणीने वाचून दाखवायचा, त्यांनी घोकायचा — परीक्षेच्या मुलासारखा. कोर्टात कागद डोळ्यांपुढे धरून घडाघडा म्हणत होते. सुरेख चाललं होतं. हे उठले. म्हणाले, "माझ्या विद्वान मित्रांनी कागद उलटा धरला आहे. कोर्टाची परवानगी असेल तर सरळ करून देतो."

आणि खरंच जाऊन सरळ करून दिला!

जज हसले, पट्टेवाले हसले. बाबांनी त्यानंतर काळा कोट अंगात घातला नाही. त्या संध्याकाळी हे जेवताना म्हणाले, "दावा झाला आपला."

मी पोळी वाढली.


१४ जानेवारी, उत्तरायण

आख्खं बडोदं पतंग घेऊन गच्चीवर. "काप्यो छे! काप्यो छे!" करून कान किटले. हे खिडकीकडे तोंड करून पडलेले. सौमित्र लहानपणी ह्या खिडकीतून मांज्याची फिरकी वर द्यायचा. "सौ... सौ..." चाललं होतं.

आवाजाचा त्रास होतो म्हणून मी खिडकी लावून घेतली. खरं तर होत नव्हता.


१८ जानेवारी

अस्मिताला आज न्यायाधीशपदाची वर्षं हवी होती. भरूच, नडियाद, पालनपूर, सुरत. सांगितलं — कुणाच्या घरचं पाणी प्यायले नाहीत, दिवाळीची मिठाई दारातून परत पाठवली. खरं आहे ते. लाच कधी घेतली नाही. ज्या दिवशी मोठी शिक्षा वाचून दाखवायची त्याच्या आदल्या रात्री श्रीखंड करायला सांगायचे. जड निकाल रिकाम्या पोटी वाचू नये म्हणायचे. मला श्रीखंडावरून कळायचं, आज कुणीतरी जन्माचा गेला. चक्का टांगताना मनात यायचं — ज्याच्यासाठी टांगतेय त्याला अजून पत्ता नाही.

"आणि घरी कसे होते साहेब?"

"शिस्तीचे."

घरी जेवणाच्या टेबलावर कोर्ट भरायचं. सौमित्र आठ वर्षांचा असताना शेजारच्या कंपाउंडातला पेरू तोडला. खटला चालला. मुलगा आरोपी, मी साक्षीदार. "तुम्ही आरोपीच्या हातात पेरू पाहिला का? हो की नाही, एवढंच." मी हो म्हटलं. आरोपीला बचावाची संधी दिली. तो म्हणाला, "खाली पडला होता." ह्यांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. बाबांनी शिकवलेलं ते बघणं. पोर मिनिटभरात रडत कबूल झालं.

शिक्षा — घरातल्या कुणीही आठवडाभर त्याच्याशी बोलायचं नाही.

शाळेतून आला की पदर धरून मागे मागे फिरायचा. आई, बघ ना. आई, गुडघा फुटला बघ. मी ताट वाढायचे. गुडघ्याला आयोडिन लावायचे. बोलले नाही. शिक्षा संपली तेव्हा मीच आधी बोलायला गेले, तर तो गप्प.


२० जानेवारी

चहा मुद्दाम गार करून दिला. अर्धा हनुवटीवरून ओघळला. लगेच पुसला नाही.


२६ जानेवारी

अस्मिता ज्यासाठी येत होती ते आज निघालं. मला ठाऊक होतं, निघणार.

"काकू, नंदेसरीच्या चौकशीबद्दल तुमच्या तोंडून ऐकायचंय. कॉलेजात असताना मी पेपरात वाचलं होतं. त्यामुळेच मी लॉ केलं!"

घ्या!

तिला जे सांगितलं ते असं. निवृत्तीनंतर लोक देवळात जाऊन बसतात, ह्यांचं उलट झालं. नव्वदनंतर नंदेसरीच्या कारखान्यांच्या वसाहतीत रोज नवी पाटी, नवे भागीदार, नवे तंटे. लवाद म्हणून निवृत्त जज सगळ्यांना हवेत. आमच्या दाराशी पांढऱ्या मारुत्यांची रांग. सौमित्र तिथेच एका केमिकल कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज. चौऱ्याण्णवमध्ये त्याच्या पाळीत व्हॉल्व्ह फुटला, दोन कामगार भाजून गेले. कंपनीने एका माणसाची चौकशी समिती नेमली — हे! सगळे म्हणाले, तुमचा मुलगा त्यात आहे, तुम्ही नाही म्हणा. हे म्हणाले, "न्यायाधीशाला मुलगा नसतो." पेपरात ठळक अक्षरांत आलं. चौकशी केली आणि अहवाल दिला — वाफ घाईने सोडली, दोष शिफ्ट इन्चार्जचा. पोटच्या मुलाचा. सगळं बडोदं थक्क!

अस्मिताने टेप बंद केला. मग ह्यांच्या पायांना हात लावून आली.

आता तिला न सांगितलेलं.

अहवालाच्या आधी एका संध्याकाळी कारखान्याचा मॅनेजर घरी आला होता. मी चहा घेऊन खोलीत शिरत होते. तो खुर्चीच्या टोकाशी बसून हलक्या आवाजात सांगत होता, "साहेब, वाल्व तो महिनाओथी सडेलो हतो. एमां छोकरानो कंई वांक नथी." महिनोन् महिने सडलेला, मुलाचा काही दोष नाही. त्याने तोडगाही आणला होता. कोणाचाच दोष नाही, निव्वळ अपघात, असं लिहा साहेब. तुमचाही सुटेल, आमचंही भागेल.

हे म्हणाले, "म्हणजे लोक म्हणतील, बापाने सोडवला."

मॅनेजर काहीतरी बोलू लागला तसा ह्यांनी हात वर केला. "हे तुम्ही मला सांगितलं नाही. मी ऐकलं नाही."

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी ट्रे ठेवला. साखर किती विचारलं.

सौमित्रची नोकरी गेली. नंदेसरीत कुणी दारात उभं करेना. पोलीस केस झाली, रखडत रखडत मिटली. अहवाल आला त्या दिवशी तो इथे ह्यांच्यासमोर उभा होता. "बाबा, खरंच माझ्या हातून झालं? मी तर नेहमीसारखीच सोडली होती वाफ." हे म्हणाले, "अहवाल वाच." त्याने वाचला. आणि मानलं! लहानपणापासून ह्यांचा निकाल खरा मानायची सवय. "ह्या घरात तुझं काम नाही," म्हणाले, तेही मानलं.

मी काही बोलले नाही. आधी ह्यांची भीती. मग छापून आलं होतं. मग वर्ष गेलं, दुसरं गेलं. आता सांगायचं तर तो विचारणार — तेव्हा का नाही?

आणि खरं सांगू? घर ह्यांच्या नावावर, पेन्शन ह्यांची, मुलगा ह्यांनी घालवला. माझ्या एकटीचं असं ह्या घरात एवढंच आहे, मला जे माहीत आहे ते.


३१ जानेवारी, रविवार

बेनना ह्यांच्यापाशी बसवून सावलीला गेले. सौमित्र आता तिथे असतो, महिन्यातून एकदा जाते. एस.टी.त खिडकी मिळाली.

सौमित्रचे केस पार पांढरे झालेत. बेचाळीसचा आहे! केमिस्ट्रीच्या शिकवण्या घेतो, बारावीची मुलं. मृदुला, माझी सून, तिथल्या शाळेत आहे. तिने पोहे केले, लिंबू पिळून. ती मला नमस्कार करते, पण बसत नाही समोर.

तो अजून दिवाळीत त्या गेलेल्या दोघा कामगारांच्या घरी जातो. एका घरी आत घेतात. दुसऱ्या घरी बायको दार उघडत नाही, मग हा पायरीवर बसतो तासभर आणि उठून येतो. मी म्हटलं, "कशाला जातोस रे? दार उघडत नाहीत तिथे?"

"आई, माझ्या हातून गेलेत ते."

मी पोहे खाल्ले. चांगले झाले होते.

निघताना बस स्टँडवर आला. इकडे-तिकडे बघत विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"तसेच."

"काही बोलतात?"

"नाही रे. एक शब्द नाही."

बस सुटल्यावर हात केला मी. तो खिशात हात घालून उभा होता. परतीच्या वाटेवर तंबाखूची शेतं, मग कारखाने, मग पुन्हा शेतं. डुलकी लागली.


४ फेब्रुवारी

आज कोर्ट भरवलं!

बेन गेल्यावर ह्यांना उशीला टेकवून बसवलं. समोर खुर्ची घेऊन मी बसले. उजवी बाजू मेलीय, पण समजतं सगळं. हो असेल तर मान खाली, नाही असेल तर डावीकडे. डॉक्टरांनीच शिकवलंय.

"मॅनेजर ह्या घरी आला होता? हो की नाही, एवढंच."

माझ्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले, बाबांसारखी. मान खाली गेली.

"व्हॉल्व्ह सडलेला, हे त्याने सांगितलं?"

खाली.

"सौमित्र निर्दोष आहे, हे ठाऊक असून लिहिलंत?"

किती वेळ गेला! खाली. तोंडाच्या वाकड्या बाजूने लाळ.

मग मी कपाटातून सौमित्रचा फोटो काढला, पदवीदानाचा, काळ्या गाउनमधला. डोळ्यांसमोर धरला. डावा हात उचलला ह्यांनी, बोटं लागतील एवढ्यावर. "सौ... सौ..."

"आरोपीला काही सांगायचंय?"

"सौ..."

"ज्याला सांगायचं तो हजर नाही," मी म्हटलं, आणि फोटो परत कपाटात ठेवला.

रडले. डॉक्टर म्हणतात रडणं हा ह्या दुखण्याचा भागच आहे, मनावर घेऊ नका. नाही घेतलं. टीव्हीवर मालिका लागली होती ती शेवटपर्यंत बघितली. छान होती.


५ फेब्रुवारी

झोप चांगली लागली. कित्येक वर्षांनी.


१२ फेब्रुवारी

अस्मिता लेख वाचून दाखवायला आली. 'आज वाचा गेली असतानाही त्यांच्या ओठांवर एकच शब्द आहे — सौ. सहधर्मचारिणी कमलाताईंना घातलेली ही साद...' मला हसू आवरेना. तिला वाटलं, लाजले.

चहा टाकायला आत गेले. परत आले तर ही पलंगापाशी गुडघ्यांवर बसलेली, ह्यांचा डावा हात हातात घेऊन. तोंड उतरलेलं.

"काकू, साहेब तुम्हाला नाही बोलवत. ते 'सौमित्र' म्हणताहेत! मी सहज विचारलं, सौमित्रदादा का — किती वेळा मान हलवली त्यांनी!"

"कशालाही हलवतात गं," मी म्हटलं. "बघ हं. अहो, गॅसचा सिलिंडर हवाय का?"

वाटलं होतं, हलवतील. त्यांनी मान सावकाश डावीकडे नेली. नाही.

खाली भाजीवाला ओरडत होता, "लीली तुवेर, लीली तुवेर." चहा निवत होता.

"काकू, त्यांना भेटवायला हवं. मी जाऊ का सावलीला?"

"तू वकील आहेस ना? मग अशिलाने सांगितल्याशिवाय कुठे जाऊ नये."

"अशील कोण ह्यात?"

तरतरीत मुलगी! मी म्हटलं, "लेख छान झालाय. सौ. राहू दे. वाचायला बरं वाटतं."


२१ फेब्रुवारी, रविवार

सत्कार झाला. दांडिया बाजारातला हॉल गच्च भरला होता. ह्यांना चाकाच्या खुर्चीत, पगडी, शाल. पगडी सारखी वाकड्या बाजूला घसरायची, मी सरळ करायची. फोटोग्राफर म्हणाला, "काकी, एम ज रहेवा दो." तशीच राहू दिली.

विश्वासरावांचं भाषण रंगलं. बाबांच्या कागदाचा किस्साही सांगितला — हॉल खदखदून हसला! चाळीस वर्षांनी पुन्हा. माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत मला म्हणाल्या, "कसे हजरजबाबी ना!" मी म्हटलं, "फार."

मग नंदेसरी. "दोन कामगारांच्या त्या दुर्दैवी अपघातात स्वतःच्या पोटच्या गोळ्यालाही ज्यांनी सोडलं नाही..." टाळ्या. उभं राहून टाळ्या! आणि त्या टाळ्यांत हे ओरडायला लागले. "सौ! सौ! सौ!" आवाज फाटलेला, डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटताहेत.

विश्वासराव माइकवरून म्हणाले, "ऐका! वहिनींना बोलावताहेत साहेब! सत्कार एकट्याचा नको म्हणताहेत!"

पुन्हा टाळ्या. हशा. मी उठले. स्टेजवर जाऊन ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, फोटोसाठी. ह्यांनी डाव्या हाताने माझा हात खांद्यावरून काढला. बोट बोट करून. कुणाला दिसलं नाही.

अस्मिताला दिसलं. ती पहिल्या रांगेत होती, टाळ्या वाजवत नव्हती.


२ मार्च

धुळवड. रंगाचा एक फुगा खिडकीवर फुटला, तेवढंच. अस्मिता सत्कारापासून फिरकलेली नाही. ग्रंथाची प्रत पोस्टाने आली. फोटो चांगला आलाय, माझासुद्धा.


६ मार्च, शनिवार

सौमित्र आला!

दार उघडलं तर तो. उंबऱ्याबाहेर उभा, चपला हातात. पाच वर्षांनी. मला वेड लागायचं बाकी होतं. अरे ये, ये ना! अस्मिता सावलीला जाऊन आली म्हणे. बाबा माझं नाव घेतात हे खरं का, त्याने विचारलं. मी म्हटलं, हल्लीच सुरू झालंय, तुला कळवणारच होते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि आत गेला.

मी पुरणाची डाळ टाकली. दुसरं काय सुचणार? त्याला लहानपणी फार आवडायची पोळी. वेलची कुटली. म्हटलं, बापलेक बोलतील, रडतील, मग पानं वाढू. राहूच दे त्याला इथे. हे काय आता अडवणार आहेत?

त्याने दार लोटून घेतलं होतं. पाणी द्यायला म्हणून गेले आणि दाराशीच थांबले.

ह्यांची उत्तरं मानेची. बाहेर ऐकू येत नाहीत. नुसते प्रश्नच ऐकू येत होते.

"बाबा, मला बोलावत होता?"

"त्या अपघाताचंच सांगायचंय?"

पलंगाची करकर. तो बहुधा जवळ सरकला.

"माझ्या हातून झालं नव्हतं?"

"थांबा. पुन्हा विचारतो. नीट सांगा. व्हॉल्व्ह आधीच गेलेला होता?"

"अहवाल लिहिलात तेव्हा माहीत होतं?"

इथे त्याचा आवाज बदलला. मी दचकलेच. मुलगा कधी कायद्याच्या वाटेला गेला नाही, पण आवाज ह्यांचा. कोर्टातला. एकही शब्द जास्त नाही.

"कोणी सांगितलं? मालकांनी? — मॅनेजरने?"

"कारखान्यात?"

"मग इथे? ह्या घरात?"

पेला मी खाली ठेवला.

"तेव्हा खोलीत आणखी कुणी होतं?"

डाळ लागल्याचा वास आला. गॅस बंद करायला जायला हवं होतं.

"कोण?"

मग सौमित्र म्हणाला, "आई?"

मला वाटलं, हाक मारली. मी बाहेरून ओ दिली.


७ मार्च, रविवार

रात्री तो न जेवताच गेला होता. सकाळी मारुती व्हॅन घेऊन आला. ह्यांना अंघोळ घातली, स्वच्छ सदरा घातला, उचलून गाडीत बसवलं. म्हटलं, सावलीला नेतोस? म्हणाला, "नंतर. आधी त्या दोघांच्या घरी. जे मला सांगितलं ते बाबांनी तिथे सांगायचंय."

मागे जागा होती. मी कुलूप घेतलं, चपला घातल्या. गाडीच्या दाराला हात लावला तर त्याने मनगट धरलं. जोरात नाही.

"आई, त्या दोघांची नावं सांग. मग बस."

मला आली नाहीत.